सेकंडहँड सॉल्टवॉटर टँक: उतरवायचा कसा, आणायचा कसा, परत लावायचा कसा

जुना समुद्री टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, बघायला गेलं की सगळ्यांची नजर आधी काचेवर जाते, मग लाइटवर, मग स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कुठल्या कंपनीचा आहे यावर. पण त्या टँकमधली सगळ्यात मोलाची गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. दगडांवर आणि दगडांच्या भोकाभोकांत वाढलेले बॅक्टेरिया, ते खरं सोनं. मासे कल्ल्यांमधून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करायचं काम हे बॅक्टेरिया करतात, आणि कोऱ्या टँकमध्ये ही वसाहत बसायला चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे चालू टँक घेताना तुम्ही ते आठवडे विकत घेताय. आणि हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं, कारण हलवण्याची सगळी धावपळ दोनच गोष्टींसाठी आहे: दगड जिवंत पोचले पाहिजेत, आणि जुना गाळ सोबत यायला नको.

बघायला जाताना

शक्य असेल तर टँक चालू असताना बघा, पाण्याने भरलेला. रिकामा, वाळलेला टँक असेल तर गळती कळत नाही, आणि त्यातले दगड महिनोनमहिने कोरडे पडलेले असतील तर त्यांच्यावरचे बॅक्टेरिया मेलेले आहेत असंच धरायचं, मग तो टँक नवीनच समजून सुरुवातीपासून सायकल करावा लागतो, म्हणजे बॅक्टेरियांची वसाहत नव्याने बसवावी लागते. वाईट सौदा असतो असं नाही, फक्त काय घेतोय ते माहीत असलं पाहिजे.

काचेच्या जोडांवर बोट फिरवून बघा. सिलिकॉन कडेने सुटलेलं आहे का, आत हवेचे बुडबुडे दिसतात का, बाहेरच्या बाजूने मिठाचा पांढरा थर साचलाय का. हा थर पाइपच्या किंवा झाकणाच्या आसपास असेल तर बहुतेक वेळा उडालेल्या पाण्याचा असतो, पण खालच्या जोडावर असेल तर तिथून पाणी झिरपतंय असं समजा. वरच्या काचेच्या पट्ट्या, ज्या टँकला फुगण्यापासून धरून ठेवतात, त्यातली एक जरी तडकलेली असेल तर मी तरी तो टँक घेणार नाही. अॅक्रिलिकचा टँक असेल तर ओरखडे पॉलिश करून निघतात, पण जोडाजवळ बारीक बारीक केसासारख्या भेगांचं जाळं दिसलं तर सोडून द्या.

आणि एक प्रश्न विचारायचाच: या टँकमध्ये कधी कॉपरचं औषध घातलंय का? माशांच्या आजारांवर कॉपर चालतं, पण कोरल, झिंगे, शंख यांना ते विष आहे. दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतात आणि नंतर हळूहळू परत सोडतात, त्यामुळे उत्तर "हो" असेल तर दगड आणि वाळू दोन्ही टाकून द्यायची तयारी ठेवा, किंवा मग फक्त माशांचाच टँक ठेवायचा.

टँक कधीपासून चालू आहे, शेवटचं नायट्रेट आणि फॉस्फेट किती आलं, कुठला मासा कुणाला मारतो, काय खातात, किती वेळा खातात, मिठाचं प्रमाण किती ठेवतात, हे सगळं लिहून घ्या. आणि फोटो काढा, भरपूर फोटो, पाइपिंगचे, सम्पचे (टँकखालची टाकी, जिथे पाणी उतरतं आणि परत वर जातं), कुठली वायर कुठे जाते त्याचे, दगड कसे रचलेत त्याचे. घरी येऊन सात पाइप आणि चार युनियन (पाइप जोडायचे खोलता येणारे सांधे) समोर पडले की हेच फोटो कामाला येतात.

पाणी आधी तयार पाहिजे

इथे बहुतेक लोक चुकतात. टँक घरी आणायचा, मग मीठ कालवायचं, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार झाला. टँक उतरवायच्या किमान एक दिवस आधी तुमच्या घरी नवीन खारं पाणी तयार असलं पाहिजे, एकूण पाण्याच्या निम्मं तरी, आणि मी तर म्हणेन पूर्ण भरेल इतकं ठेवा, कारण वाटेत एखादा टब सांडला किंवा जुनं पाणी फारच गढूळ झालं तर हाताशी काहीतरी पाहिजे.

पाणी आरओडीआयचं (आरओ आणि डीआयोनायझेशन, दोन्हींतून गाळलेलं) घ्या, टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, शून्य दाखवणारं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बॅक्टेरियांना आणि माशांना दोघांना मारतं, आणि बाकीचे क्षार, फॉस्फेट, कधीकधी पाइपमधून आलेलं कॉपर, हे नंतर शेवाळ होऊन किंवा मेलेल्या शंखांच्या रूपात समोर येतं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मत्स्यालयाचं समुद्री मीठ लागतं, नेमकं प्रमाण तुमच्या मिठाच्या पाकिटावर असेल. मोठ्या ड्रममध्ये आधी पाणी, त्यात पंप आणि हीटर, मग मीठ थोडं थोडं करत. उलटं करू नका, आधी मीठ आणि वरून पाणी ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांत अडकून खाली पांढरा साका बसतो. रात्रभर फिरू द्या.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण दाखवणारं उपकरण) वापरा आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावणाने सेट करून घ्या, साध्या पाण्याने शून्यावर सेट करून भागत नाही, समुद्राच्या रेंजमध्ये तो चुकीचा दाखवू शकतो. आपल्याला पाहिजे ३५ पीपीटी, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२६ च्या आसपास, आणि तापमान २५-२६ डिग्री. फक्त जुन्या टँकमध्ये जर मालक १.०२३ वर चालवत असेल तर तुम्हीही आधी तेवढंच ठेवा आणि नंतर आठवड्याभरात हळूहळू वर न्या. प्राण्यांना ३५ आकड्याशी देणंघेणं नाही, एकदम बदल झाला की त्रास होतो.

ड्रम, बादल्या, टब सगळे असे घ्या की ज्यात कधी साबण किंवा केमिकल गेलेलं नाही. बाकी सामान म्हणजे झाकणाच्या बादल्या, बॅटरीवर चालणारे एअर पंप, दोन मोठ्या जाळ्या, जाड पाइप, रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, जुने टॉवेल, जितके मिळतील तितके.

घरात जागा कुठे

२०० लिटरचा टँक म्हणजे नुसतं पाणीच २०५ किलो, वर काच, दगड, वाळू, स्टँड धरून तीनशे किलोच्या घरात जातं. एवढं वजन खोलीच्या मधोमध नको, भिंतीच्या कडेला, बीम असेल त्या बाजूला बरं. थेट ऊन येत नाही अशी जागा. प्लगचा पॉइंट टँकच्या मागे खाली नको, बाजूला आणि वर हवा, आणि सर्किटला अर्थ लीकेज ब्रेकर हवाच, मीठ-पाणी आणि वीज एकाच कपाटात नांदणार आहेत. स्टँड आदल्या दिवशी आणता आला तर सगळ्यात छान, स्पिरिट लेव्हल लावून दोन्ही दिशांनी सपाट करून ठेवा. पाचर घालायची असेल तर स्टँडखाली घाला, स्टँड आणि टँकच्या मध्ये कधीच नाही.

उतरवायचा क्रम

हीटर सगळ्यात आधी बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच थंड होऊ द्या, गरम हीटर हवेत काढला तर काच तडकते. मग बाकीचं बंद.

कशालाही हात लावायच्या आधी वरचं स्वच्छ पाणी सायफनने बादल्यांत आणि टबात काढून घ्या. दगड हलला की खालचा गाळ उठतो आणि मग ते पाणी काही कामाचं राहत नाही. खरं तर पाण्यात बॅक्टेरिया फारसे नसतातच, ते दगडांवर असतात, त्यामुळे "जुनं पाणी म्हणजे तयार टँक" हा समज चुकीचा आहे. जुनं पाणी लागतं ते प्राण्यांना प्रवासात ओळखीच्या पाण्यात ठेवायला, आणि नवीन ठिकाणी फरक एकदम जाणवू नये म्हणून.

मग कोरल. सुट्या तुकड्यांवरचे कोरल वेगवेगळ्या डब्यांत किंवा पिशव्यांत ठेवा, एकमेकांना चिकटले की डंख मारतात. अॅनिमोनी (दगडाला चिकटून बसणारा कोरलसारखा मऊ प्राणी) असेल तर तो बसलेला अख्खा दगडच उचला. तो काचेला चिकटलेला असेल तर पाय नखाने ओरबाडू नका, कडेने हळूहळू बोटाचा मऊ भाग सरकवत सुटा करा, वेळ लागला तर लागू दे, फाटलेला पाय बरा होईलच असं नाही. आणि त्याला स्वतंत्र बादली द्या, कारण प्रवासात तो मेला तर त्या बादलीतलं बाकी सगळं घेऊन मरतो.

इथे एक गंभीर गोष्ट. दगडांवर छोट्या बटणांसारखे गोल गोल पॉलिप दिसले तर ते झोआन्थिड किंवा पॅलिथोआ असू शकतात, आणि त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. असे दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरडे ब्रशने घासू नका, वाफेतून किंवा उडालेल्या थेंबांतून ते शरीरात जातं आणि घरातली माणसं हॉस्पिटलमध्ये पोचल्याच्या घटना झालेल्या आहेत. हातमोजे आणि गॉगल घालूनच दगड उचला, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. दगडांतले केसाळ किडेही हातमोज्यांशिवाय बोटात काटे सोडतात, ते त्रासदायक असतात.

दगड पाण्याखाली बुडवूनच न्यावेत. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता असेल तर खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या टॉवेलात गुंडाळूनही चालतं, पण दगडावर स्पंज असतील तर नाही, स्पंजच्या आत हवा शिरली की ते कुजायला लागतात.

मासे शेवटी. दगड असताना मासा पकडायचा प्रयत्न केला तर तासभर जाळी फिरवत बसाल आणि मासा अर्धमेला होईल. दगड निघाले, पाणी टीचभर राहिलं की दोन जाळ्यांनी दोन मिनिटांत मासा येतो. टँग माशाच्या शेपटीशी चाकूसारखा काटा असतो तो जाळीत अडकतो, त्याला जाळीऐवजी डब्यात घ्या. पफरला हवेत उचलू नका, तो हवा गिळून फुगतो. लायनफिश आणि रॅबिटफिशचे काटे विषारी, टोचलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. भांडकुदळ मासे वेगळे, प्रत्येक बादलीला झाकण आणि एअर पंप.

वाळूचं काय करायचं

बहुतेक टँक इथेच मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुन्या वाळूच्या खालच्या थरात वर्षांचा गाळ असतो, विष्ठा, कुजलेलं खाणं, मेलेले किडे. जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे काळे पट्टे पडतात आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. जोवर वाळू जागच्या जागी आहे तोवर ठीक चाललेलं असतं. ढवळली की सगळं एकदम पाण्यात. मी पहिल्यांदा टँक हलवला तेव्हा जुनी वाळू तशीच बादलीत भरून आणली आणि तशीच ओतली, वाटलं की यातही बॅक्टेरिया आहेत, कशाला वाया घालवायचे. रात्री पाणी दुधासारखं झालं. सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते, अमोनियाची टेस्ट गडद हिरवी, म्हणजे धोक्याच्या पातळीची, आली, दिवसभर पाणी बदलत राहिले तरी क्लाउनफिशच्या जोडीतली मादी गेली. तिचा नर पुढचे कित्येक दिवस त्याच कोपऱ्यात एकटा घुटमळायचा, ते बघवत नव्हतं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे: जुनी वाळू टाका, नवी घ्या. फारच पातळ थर असेल, इंचभर, आणि टाकायची नसेल तर बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी अगदी नितळ येईपर्यंत धुवा, वीस-पंचवीस वेळा लागेल, शेवटचं धुणं खाऱ्या पाण्याने. वरवरची स्वच्छ वाळू कपभर बाजूला काढून नव्या वाळूवर पसरली तर त्यातले छोटे जीव येतात, तेवढं पुरे.

टँकची वाहतूक

टँक पूर्ण रिकामा पाहिजे. "दोन इंच पाणी राहू दे, वाळू राहू दे, हळू नेऊ" हे ऐकू नका, हेलकाव्याने जोडांवर ताण येतो आणि तो जोड त्या दिवशी नाही तर दोन महिन्यांनी सुटतो. वरच्या पट्टीला धरून उचलायचं नाही, खालून हात घालायचा किंवा काच उचलायचे सक्शन कप वापरायचे. गाडीत टँकचा अख्खा तळ जाड फोमवर सपाट टेकला पाहिजे, आत काहीही सामान भरू नका.

प्राण्यांच्या बादल्या सगळ्यात शेवटी गाडीत आणि सगळ्यात आधी बाहेर.

घरी आल्यावर

बादल्या आत आणल्या की आधी त्यांचं तापमान बघा, एअर पंप चालू आहेत ना बघा, दगडांच्या टबात एक पंप आणि हीटर टाका. हे केलं की जीव भांड्यात पडतो, कारण आता घाई नाही. प्राणी अशा टबात दिवसभरही राहू शकतात. घाई करून टँक चुकीचा लावण्यापेक्षा ते कधीही बरं.

टँकला गळती नाही याची खात्री चालू अवस्थेत बघून झालेली नसेल तर साध्या पाण्याने भरून किमान २४ तास ठेवायला हवा, म्हणजे प्राणी तोवर टबातच. जोड परत करायची वेळ आली तर जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, नवीन सिलिकॉन जुन्यावर नीट चिकटत नाही, आणि बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन चालत नाही.

पंप, रिटर्न (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये नेणारी लाइन), स्किमर हे सगळं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात काही तास बुडवा, कॅल्शियमचा थर विरघळतो, मग साध्या पाण्याने धुवा. सम्पच्या जोडण्यांमधले रबरी वॉशर नवीन घाला, स्वस्तात काम होतं आणि गळतीचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच असतं. साबण कुठेही नाही.

तळ सपाट काचेचा असेल तर खाली फोमची शीट घाला, प्लास्टिकची चौकट असलेला टँक असेल तर फोम नको, त्याचं वजन चौकटीवरच बसायला हवं. मग आधी दगड, तेही काचेच्या तळावर टेकवून, आणि त्यांच्याभोवती वाळू. वाळूवर दगड ठेवले आणि एखाद्या गोबी माशाने किंवा झिंग्याने खालून पोखरलं की अख्खी रचना ढासळते, कधी काचेवर. दगड टँकमध्ये घालण्याआधी जुन्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत जोरात हलवून गाळ झटका, त्या बादलीत किती घाण उतरते बघून विश्वास बसणार नाही. रचताना काचेपासून चार बोटं अंतर ठेवा, मागून पाणी फिरायला जागा पाहिजे.

पाणी भरताना वाळूवर एक ताट ठेवून त्यावर ओता, वाळू उडत नाही. नवीन पाणी आणि जमवलेलं स्वच्छ जुनं पाणी मिळून भरा. बादल्यांच्या तळाचं गढूळ पाणी ओतून द्या, मोह नको.

सम्प असेल तर रिटर्न पंप चालू करून एकदा मुद्दाम लाइट गेल्यासारखं बंद करून बघा. वरचं पाणी उलटं खाली येतं, ते सम्पमध्ये मावलं पाहिजे. मावेल त्या पातळीवर मार्करने रेघ मारा आणि त्यावर कधी भरू नका. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक असतं, सायफन तोडायला, ते शेवाळाने बुजलेलं नाही ना बघा. नुसत्या चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) भरवसा ठेवू नका, त्यात एखादा शंख अडकला की तो उघडाच राहतो. वायरींना प्लगच्या खाली झोळ द्या म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली पडेल.

तापमान आणि मीठ जुळलं, पाणी तासा-दोन तासांत निवळलं, अमोनिया शून्य आला की मग प्राणी. बादलीत एअर पंप चालू होता आणि प्रवास छोटा होता तर बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी सोडत तासाभरात सवय करा, झिंगे आणि शंखांना थोडा जास्त वेळ द्या. मासे बंद पिशवीत चार-पाच तास असतील तर मात्र हे करू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो त्यामुळे साठलेला अमोनिया कमी घातक असतो, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. अशा वेळी टँकचं मीठ पिशवीच्या पाण्याइतकं आधीच जुळवून ठेवायचं, तापमान सारखं करायचं आणि मासा लगेच टँकमध्ये, पिशवीतलं पाणी बाहेर.

पहिले काही आठवडे

पहिल्या दिवशी लाइट बंद, खाणं नाही. नंतर आठवडाभर खाणं निम्म्याहून कमी, माशांना काही होत नाही. अमोनिया पहिले दहा दिवस रोज तपासा, दगड कितीही चांगले आले असले तरी थोडे बॅक्टेरिया आणि थोडे किडे वाटेत मेलेलेच असतात. शून्याच्या वर काहीही दिसलं तर २०-३० टक्के पाणी बदला, त्यासाठी मीठ कालवलेला एक ड्रम कायम तयार ठेवा. बाटलीतले बॅक्टेरिया घातले तर हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर पाणी बदलणं टाळू नका.

कोरल असतील तर लाइट निम्म्या ताकदीवर सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम १३००, पण पुन्हा तेच, जुन्या मालकाचे आकडे वेगळे असतील तर त्यांच्यापासून हळूहळू सरका. रोज उडून जाणारं पाणी साध्या आरओडीआयने भरा, खाऱ्याने नाही, कारण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर येईल, मग काही दगडांवर हिरवे केस. जुन्या दगडांनी शोषलेलं फॉस्फेट बाहेर पडतं, नव्या वाळूवर डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) येतात, हे होणारच. यासाठी औषधं ओतू नका. लाइटचे तास कमी करा, हाताने उपटा, चार-पाच शंख वाढवा. स्किमरही धुतल्यानंतर काही दिवस नीट फेस काढत नाही किंवा एकदम उतू जातो, त्याला रोज छेडत बसू नका.

नवीन मासा निदान महिनाभर नको, आणि आणलात तरी आधी वेगळ्या टँकमध्ये चार आठवडे क्वारंटाइन. आलेले मासे अजून थकलेले असतात, त्यांच्यात व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके आणणारा आजार) शिरला तर कॉपर लागेल, आणि ते कॉपर या दगडांवर आपल्याला कधीच घालता येणार नाही.